शंभर येनच्या नाण्याची बखर

१९७८ साली तैतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ जपानमध्ये आला आणि पाहता पाहता तिथल्या कॉफीच्या दुकानांत साध्या टेबलांच्या जागी पडदा बसवलेली टेबले दिसू लागली. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात रांगांनी खाली उतरणाऱ्या परग्रहवासीयांना टिपायचे असते. शंभर येनचे नाणे टाकून तासन्‌तास बसणाऱ्या मुलांनी यंत्राची दोन गुपिते लवकरच हुडकली. वरून जाणारी तबकडी २३ व्या गोळीने आणि त्यानंतर दर १५ व्या गोळीने पाडली, तर प्रत्येक वेळी सर्वाधिक म्हणजे ३०० गुण मिळतात, हे एक. शत्रू अगदी तळाच्या ओळीत आला की त्याची गोळी आपल्याला लागतच नाही, हे दुसरे. या दुसऱ्या युक्तीला जपानी खेळाडू आजही नागोया शहराच्या नावाने ओळखतात. यातले काहीच यंत्रावर लिहिलेले नव्हते. ते तोंडोतोंडी पसरले, आणि तोंडोतोंडी पसरणाऱ्या माहितीला जे होते तेच त्यालाही झाले: गावागणिक ते बदलत गेले.

या विखुरलेल्या माहितीला छापील रूप देण्याचे काम जपानच्या गेमिंग मासिकांनी केले. नाणे टाकून खेळायच्या या जुन्या खेळांकडे, म्हणजे आर्केड खेळांकडे, त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले, हा वरवर छंदी लोकांचा विषय वाटेल. पत्रकारितेच्या अंगाने पाहिले तर तो तेवढ्यापुरता राहत नाही.

एकाच यंत्राबद्दल जपानमध्ये तीन प्रकारची नियतकालिके तीन वेगळे प्रश्न विचारत होती. ‘गेम मशीन’ हे धंद्याचे पत्र १९७४ पासून ओसाकाहून निघे. मासुमी आकागी यांच्या या पत्राचा वाचक म्हणजे अशी यंत्रे ठेवणाऱ्या गेम सेंटरचा मालक. त्यामुळे कोणते यंत्र किती कमाई करते, हा त्याचा प्रश्न होता. मालकांकडून आलेल्या माहितीवर त्याचे लोकप्रियतेचे तक्ते बेतलेले असत. घरगुती खेळांचे ‘फॅमिकॉम त्सूशिन’ १९८६ मध्ये सुरू झाले. त्यात चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देत आणि एकूण ४० पैकी निकाल लागे. घरी खेळायची कॅसेट हजारो येनची. ती घ्यावी की नाही, हे वाचकाला आधी कळायला हवे होते. आर्केडच्या मासिकाचा वाचक यंत्र विकत घेणार नव्हता. आवडले नाही तर त्याचे शंभर येनच बुडणार होते. त्याला हवे होते ते एवढेच: टाकलेले नाणे जास्तीत जास्त वेळ कसे टिकवायचे? या एका प्रश्नाने त्या मासिकांचा सगळा बाज ठरवला. खेळ चांगला की वाईट यापेक्षा तो आतून कसा चालतो, हे सांगण्यात त्यांची पाने खर्च होत.

सुरुवात मात्र मोठ्या प्रकाशकांनी केली नाही. १९८३ मध्ये नामको कंपनीचा ‘झेव्हियस’ आला. मासानोबू एंदो यांच्या या खेळात जमिनीखाली दडलेले मनोरे होते, कथा होती आणि भरपूर गूढ होते. त्याच वर्षी एक कोटी गुणांपर्यंत कसे पोचावे हे सांगणारी, विद्यार्थ्याने केलेली एक पुस्तिका खेळाडूंच्या हातोहात फिरू लागली. त्याच सुमारास सातोशी ताजिरी हा तरुण ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित पत्र छायाप्रती काढून विकत होता. पुढे केन सुगिमोरी त्याच्यासाठी चित्रे काढू लागले. या पत्रातून १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली आणि १९९६ मध्ये तिने पोकेमॉन जगापुढे आणला. खेळ तपासून लिहिण्याची सवय पुढे खेळ रचण्याच्या कामी आली, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

छापील मासिकांत पहिला ठसा उमटवला तो देम्पा शिम्बुनशा या प्रकाशनाच्या ‘मायकॉन बेसिक मॅगझिन’ने. १९८२ मध्ये स्वतंत्रपणे निघू लागलेले आणि वाचकांच्या तोंडी लाडाने ‘बेमागा’ झालेले हे मासिक मुळात संगणकाच्या हौशी मंडळींचे. वाचकांनी लिहून पाठवलेले प्रोग्राम त्यात ओळीन्‌ओळ छापले जात. वाचकाने पाठवावे, संपादकाने तपासून छापावे, ही रीत तिथे आधीच रुजलेली होती. आर्केड खेळांचा विभाग आला तेव्हा तीच रीत त्याला लागू झाली. प्रोग्रामच्या जागी युक्त्या आणि गुण आले, इतकेच.

या रीतीची खरी कसोटी १९८४ मध्ये लागली. एंदो यांच्याच ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’मध्ये ६० मजल्यांचा मनोरा चढायचा होता. बहुतेक मजल्यांवर एक खजिना लपलेला, तो कशाने प्रकट होतो याची खूण मात्र कुठेच नाही. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे चिकट प्राणी मारले की तांब्याची कुदळ मिळते. पुढे एका मजल्यावर तर खेळ सुरू करण्याचे बटण मध्येच दाबावे लागते. काही खजिने हुकले तर शेवट गाठताच येत नाही. एकट्याने, एकेक नाणे टाकून हे सगळे शोधणे जवळपास अशक्य होते. गेम सेंटरांत ठेवलेल्या वह्यांमध्ये खेळाडू एकमेकांसाठी शोध लिहून ठेवत आणि मासिके ते सगळ्यांपर्यंत पोचवत. खजिन्यांबरोबर अफवाही आल्याच. ‘झेव्हियस’मधली गिरक्या घेत येणारी पोलादी फळी २५६ गोळ्या मारल्या की फुटते, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. त्या काळच्या आठ-बिट यंत्रांत २५६ या आकड्याला खास स्थान असल्याने ती खरी वाटे. प्रत्यक्षात फळी फुटत नाही. अशा वेळी स्वतः खेळून पाहिल्यावरच लिहिणाऱ्या लेखकाचे मोल वाचकाला कळते.

१९८५ च्या फेब्रुवारीत करमणुकीच्या व्यवसायांवरचा सुधारित कायदा लागू झाला. गेम सेंटरे परवान्याखाली आली, रात्री उशिरापर्यंत ती चालू ठेवण्यावर बंधने आली. ही जागा मुलांना बिघडवते, अशी भावना समाजात होतीच. अशा वातावरणात १९८६ मध्ये शिनसेइशा या प्रकाशनाने केवळ आर्केड खेळांना वाहिलेले ‘गेमेस्ट’ काढले. ते खेळाडूंच्याच एका मंडळातून उभे राहिले होते. पुढे झेनजी इशिई यांच्यासारखे, मुळात पट्टीचे खेळाडू असलेले संपादक त्याला लाभले. सुरुवातीला दोन महिन्यांनी निघणारे हे नियतकालिक नव्वदच्या दशकात महिन्यातून दोनदा निघण्यापर्यंत वाढले.

‘गेमेस्ट’चे वेगळेपण दोन गोष्टींत दिसते. पहिली वार्षिक पुरस्कारांची. १९८७ चा पहिला मान तीन पडदे जोडलेल्या ‘डारियस’ला मिळाला आणि १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ला. दुसरी आणि अधिक मोलाची गोष्ट म्हणजे देशभरच्या उच्चांकांचा तक्ता. खेळाडूचा गुण गेम सेंटरने प्रमाणित करून पाठवायचा. मासिकात खेळाडूचे टोपणनाव आणि केंद्राचे नाव शेजारी शेजारी छापले जायचे. खरे पाहता मालकाचा आणि निष्णात खेळाडूचा हितसंबंध उलटा आहे. एका नाण्यावर दोन तास खेळणारा मुलगा मालकाला परवडत नाही. पण मासिकात केंद्राचे नाव आले की चांगले खेळाडू तिथे ओढले जात आणि त्यांना पाहायला इतर येत. आडगावच्या छोट्या केंद्रालाही त्यामुळे देशाच्या नकाशावर जागा मिळे.

तक्ता ठेवायचा तर नियम हवेत. एकाच जागी थांबून अखंड गुण वाढवत राहण्याची पळवाट एखाद्या खेळात सापडली तर ती निषिद्ध ठरे. ती आवरता येण्यासारखी नसेल, तर त्या खेळाची नोंद बंद केली जाई. काय खेळणे आणि काय निव्वळ फायदा उपटणे, याचा निवाडा मासिक आणि खेळाडू मिळून करत होते. क्रिकेटमध्ये जे काम नियम मंडळ आणि सांख्यिकीकार करतात, ते इथे एका नियतकालिकाच्या खोलीत चाले.

छपाईचे कामही सोपे नव्हते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. कॅमेऱ्याचे शटर त्याहून झटपट मिटले तर छायाचित्रात काळा पट्टा उमटतो. म्हणून अंधार करून, शटर सावकाश ठेवून, हलत्या खेळाचे नेमके क्षण टिपावे लागत. घाईत हस्तलिखिते जुळवताना मुद्राराक्षसही आपला हात दाखवून जाई. त्याचा एक प्रसिद्ध विनोद आपल्याशीच संबंधित आहे. मोटार शर्यतीच्या एका खेळाबद्दल ‘गेमेस्ट’ला लिहायचे होते की वळणावर ‘हँडल उजवीकडे’ घ्या. जपानी लिपीत ‘हान्दोरु’ म्हणजे सुकाणूचक्र आणि ‘इन्दोजिन’ म्हणजे भारतीय माणूस. दोन्ही शब्दांत चार अक्षरे, मधली दोन तंतोतंत तीच, आणि पहिले व शेवटचे घाईच्या हस्ताक्षरात सहज फसवणारे. छापून आले ते असे: भारतीय माणसाला उजवीकडे घ्या. जपानी गेमर मंडळी या वाक्यावर आजही हसतात. त्यात आपली टवाळी नाही. हाताने लिहिलेल्या आणि रात्री जागून जुळवलेल्या अंकाची ती खूण आहे.

या मासिकांना मर्यादाही होत्या. नव्या खेळांची माहिती आणि जाहिराती कंपन्यांकडूनच येत, तेव्हा कठोर टीकेला आपोआप आवर बसे. लेखन निष्णातांनी निष्णातांसाठी केलेले असल्याने नवख्याला ते परके वाटे. आर्केडचे खेळ उत्तरोत्तर कठीण होत गेले आणि सामान्य माणूस दुरावला, यात कसबाच्या या कौतुकाचाही थोडा वाटा असावा, असे आम्हाला वाटते. शिवाय अशा पत्रांचे अर्थकारण नाजूक. १९९९ मध्ये शिनसेइशा दिवाळखोरीत निघाली आणि ‘गेमेस्ट’ एकाएकी थांबले. त्याच्या मंडळींपैकी अनेकांना घेऊन २००० मध्ये ‘आर्केडिया’ सुरू झाले. उच्चांकांचा तक्ता तिथे पुढे चालला, आणि २००३ पासून ‘तोगेकी’ ही लढतींची मोठी स्पर्धा या मासिकाने भरवली. २०१५ मध्ये तेही बंद पडले. गुणांची नोंद मात्र खेळाडूंनीच स्थापन केलेल्या जपान हायस्कोर असोसिएशनने पुढे हाती घेतली.

आज त्या काळची बहुतेक यंत्रे मोडीत निघाली आहेत, अनेक केंद्रे मिटली आहेत. सेगासारख्या कंपनीने २०२२ मध्ये गेम सेंटरच्या धंद्यातून पूर्ण अंग काढून घेतले. जुन्या खेळाचा प्रोग्राम संगणकावर पुन्हा चालवता येतो, पण १९८४ मध्ये तो लोक कसे खेळत, कशावर वाद घालत, कोणत्या शहरात कोणती युक्ती निघाली, हे प्रोग्राममध्ये नसते. ते या अंकांत आहे. अभ्यासक आणि तोक्योतील गेम जतन करणारी संस्था जुनी मासिके सांभाळून ठेवतात, ते याचसाठी.

ज्या गोष्टीला समाज पोरखेळ म्हणत होता, तिची नोंद या मासिकांनी काटेकोरपणे ठेवली आणि ती ठेवताना वाचकाला साक्षीदार मानले. आपल्याकडे कबड्डीचे डावपेच, गणेशोत्सवाच्या देखाव्यांची कारागिरी, एसटी स्थानकावरच्या चहाची कृती असे कितीतरी ज्ञान तोंडोतोंडी फिरते आहे आणि जाणत्या माणसांबरोबर संपते आहे. मराठी नियतकालिकांनी या जपानी उदाहरणातून एवढे जरी उचलले तरी पुरे: वाचकाला जे ठाऊक आहे ते त्याला विचारावे, तपासून घ्यावे आणि त्याच्या नावानिशी छापावे.