बियाणं राखणारी बाई शेतकरीच

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि ‘बीजमाता’ हा शब्द घरोघरी पोचला. आनंद झालाच. पण ‘माता’ म्हणून हात जोडले की हक्काचं बोलणं मागे पडतं, हा आपला जुना अनुभव आहे.

बी राखणं हे काम आहे. उभ्या पिकातलं निरोगी कणीस, भरदार शेंग हेरायची. खडखडीत वाळवायची, बी राखेत घोळवून मडक्यात भरायचं, पावसाळ्यात ओल लागू द्यायची नाही. त्याच मातीत, त्याच पावसात वर्षानुवर्षं अशी निवड होत गेली की वाण त्या जागेला सरावतं. डोंगरउतारावरची नाचणी-वरई, परसातला वाल-घेवडा टिकला तो असा. कुठलं लवकर शिजतं, कुठलं कमी पावसात तग धरतं, हे बायांना तोंडपाठ असतं. संकरित बियाण्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. मग दरवर्षी दुकान गाठायचं, आणि तिथला व्यवहार बहुतेक घरांत पुरुषांच्या हाती. बियाण्याची मडकी रिकामी झाली की काय पेरायचं या निर्णयातली बाईची जागाही जाते.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्यातल्या व्याख्येत रानातल्या जाती किंवा पारंपरिक वाणं जतन करणारी व्यक्तीही शेतकरी आहे; जमीन नावावर असण्याची अट नाही. घरचं बी साठवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क हा कायदा देतो. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायला तेवढी मनाई आहे. मात्र पीककर्ज मागायला गेलं की आधी सातबारा विचारतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बाया होत्या सुमारे १४ टक्के.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी बी गोळा करताना वहीत वाणासोबत ते राखणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहावं. ती यादी ग्रामसभेत मांडून ठरावात घ्यायला लावावी. वाणाची नोंदणी करायची झाली तर अर्ज बायांच्याच नावाने जावा. मदत करणाऱ्या संस्थेच्या किंवा घरातल्या पुरुषाच्या नावाने नको. सत्काराची शाल कुणी देत असेल तर घेऊ. पण ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘घरकाम’ लिहू लागले, तर तिथेच थांबवून ‘शेतकरी’ लिहायला सांगू.