पोकळ ओंडका : चुलीत की झाडावर?

बांधावरील जुने, वठलेले झाड तोडले म्हणजे चार पैशांचे जळण मिळते आणि पिकावरील सावली जाते, एवढाच हिशेब बहुधा केला जातो. परंतु त्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे राहत असेल, तर उंदीर, भुंगेरे व नाकतोडे टिपणारा एक बिनपगारी राखणदार शेतातून उठून जातो. ही हानी हिशेबात कोणी धरीत नाही. तोडलेल्या झाडाचा पोकळ ओंडका चुलीत घालण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पिंगळा, साळुंकी, दयाळ, हुदहुद, नीलपंख हे सर्व पक्षी ढोलीत किंवा भोकात घरटे करतात. यांपैकी कोणासही लाकूड कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली किंवा लाकूड कुजून झालेली जागाच त्यांना शोधावी लागते. शेतात खाद्य मुबलक असले तरी जागा नसेल, तर वीण होत नाही. जुनी झाडे गेली की हे पक्षी विरळ होतात, ते याच कारणाने.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे ओंडक्याची ढोली होय. आंबा, कडुनिंब किंवा बाभूळ यांचा गाभा कुजलेला, पण कड शाबूत असलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा ओंडका घ्यावा. तो उभा चिरून वाकस व पटाशीने आतून कोरावा. आतील पोकळी १५ ते १८ सेंटिमीटर रुंद व भिंत निदान ३ सेंटिमीटर जाड असावी, म्हणजे उन्हाचा ताप आत पोहोचत नाही. दोन्ही फाळ्या जुळवून तारेने आवळाव्यात. वरच्या तिसऱ्या भागात भोक पाडावे : साळुंकी व दयाळ यांस ५, तर पिंगळ्यास ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचे. तळाच्या फळीला पाणी निथळण्यासाठी चार-पाच बारीक छिद्रे असावीत व वरचे झाकण पुढे उतरते असावे. आतील बाजू खडबडीतच ठेवावी. पिलांना चढून बाहेर येण्यास तोच आधार असतो. रंग वा वार्निश आत मुळीच लावू नये. भोकाखाली बसण्यासाठी काठी ठोकू नये, कारण तिचा उपयोग कावळ्यालाच अधिक होतो. तळाशी मूठ-दोन मूठ कोरडा लाकडाचा भुसा टाकावा.

दिवाळीच्या सुमारास ही ढोली १० ते १२ फूट उंचीवर, पावसाच्या झडीकडे पाठ करून बांधावी. जिवंत झाडात खिळे ठोकू नयेत. तारेखाली जुन्या टायरचा तुकडा घालावा. खोडाभोवती बाभळीच्या काट्या बांधल्यास मांजराचा उपद्रव कमी होतो. वीण चालू असता आत डोकावू नये. पिले उडून गेल्यावर जुने घरटे काढून ढोली साफ करावी.

साळुंकी फळबागेत नासाडी करते, असा आक्षेप घेतला जातो व तो खोटा नाही. द्राक्षबागेजवळ अशी ढोली न लावणेच शहाणपणाचे. परंतु नांगरामागे फिरून अळ्या व किडे वेचणारी साळुंकीही हीच, हे जिरायत शेतकऱ्याने विसरू नये. पिंगळा व घुबड यांस अशुभ मानण्याची रूढी मात्र सर्वस्वी नुकसानकारक आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये घुबड मारणे हा गुन्हा आहेच. शिवाय उंदरांच्या शत्रूला मारणे म्हणजे आपल्याच कणगीला भोक पाडणे होय. ज्या शेतात असे पक्षी वसले आहेत तेथे उंदरांसाठी विषारी आमिष वापरताना विशेष जपावे. विष खाल्लेला उंदीर पक्ष्याच्या पोटात गेल्यास तोही दगावू शकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. गावात किती ढोल्या टांगल्या, हा आकडा कामाचे माप नव्हे. पुढील हंगामात त्यांपैकी कितींत पक्षी वसले, हे पाहून रिकाम्या राहिलेल्यांची जागा व तोंड बदलावे. शंभर ढोल्या टांगून विसरण्यापेक्षा पाच नीट लावून त्यांवर लक्ष ठेवणे अधिक हिताचे.

शेवटी, कोरलेला ओंडका ही उभ्या झाडाची बरोबरी करू शकत नाही. तो काही वर्षांत कुजतो, पडतो; त्याला राखावे लागते. जुने झाड मात्र एकामागून एक कित्येक पिढ्यांना, कोणी न राखता, आसरा देते. यास्तव ज्या बांधावर असे झाड अद्याप उभे आहे व पडून कोणाला इजा होण्याची भीती नाही, तेथे कुऱ्हाड न चालविणे हेच पहिले काम. ओंडक्याची ढोली ही, ज्याने ते झाड आधीच गमावले, त्याने करावयाची भरपाई आहे.