रेल्वे येईल हो, पण सांभाळणार कोण?

मी केदारखेड्याचा. आमच्याकडे पूर्णा नदी आहे, रेल्वे नाही. गाडी धरायची तर जालना गाठायचं. सुट्टीत गेलो की पारावर प्रश्न ठरलेला, "काय रं इंजिनिअर, आपल्याकडं रेल्वे कवा येणार?" 2024 मध्ये भोकरदनवरून जाणाऱ्या जालना-जळगाव मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून तर जास्तच!

परवा रूमवर माथेरानच्या गाडीवरून वाद झाला. पार्टनर म्हणाला, "21 किलोमीटरला दोन तासांच्या वर? बंद करा ते खेळणं!"

मित्रांनो, मला हे साफ नामंजूर आहे. दोन फुटी रुळांवरून ही गाडी नेरळहून सुमारे 800 मीटर उंची गाठते. काही ठिकाणी 20 मीटरला 1 मीटर चढ. बोरघाटात तोच 37 ला 1! दातेरी रूळ नाही. चाक आणि रूळ यांच्यातलं घर्षण, एवढाच आधार. पीरभॉय कुटुंबाने 1904 ते 1907 मध्ये हा मार्ग बांधला. बांधकाम तीन वर्षांचं, चालवणं मात्र शंभराहून जास्त वर्षांचं!

खरी परीक्षा उतरताना. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकवाला असायचा. इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक आवळायचा. 2016 च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले, गाडी थांबली. डब्यांना एअर ब्रेक लागले आणि जानेवारी 2018 मध्ये ती पुन्हा पूर्ण मार्गावर धावली. 2005 च्या पुराने मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये सुरू झाला. 2019 च्या पावसाने पुन्हा तोडला, तो ऑक्टोबर 2022 मध्ये. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद असतो. वर अमन लॉज ते माथेरान शटल चालते. कुठे थांबायचं हे कळणं, हेही इंजिनिअरिंगच ना?

आपल्याला मात्र 'मेंटेनन्स' म्हटलं की कमीपणा वाटतो. होस्टेलचा वॉटर कूलरच बघा. उद्घाटनाच्या फोटोत सगळे, वॉशर बदलायला कोणी नाही!

म्हणून माथेरानची गाडी बंद नको. उलट एकदा तरी आपली स्टडी टूर तिकडे न्या. आणि पारावर मी आता सांगणार आहे, "रेल्वे येईल मामा. पण पावसात रुळाकडेची नाली साफ ठेवणारा माणूसही मागून घ्या."