नवी गाडी, जुना रस्ता

आमच्या रूमच्या भिंतीवर पोर्शे 911 चं पोस्टर आहे. 1963 मध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तिच्या नव्या पिढ्या अजून येतच आहेत. 1997 च्या पिढीत तिचं इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड व्हायला लागलं, तर जुने चाहते चक्क रुसले! नवी घ्यावी की जुनीच बरी, हा वाद असा जुना आहे. आपल्या खिशात पोर्शे नाही, पण हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये वाद तोच.

माझ्याकडे बाबांची 2010 ची पल्सर 150 आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. बाबा म्हणाले, "धानाचे पैसे आले की नवी घेऊ. जुनी मी शाळेत न्यायला ठेवतो." सध्या ते सहकारी गुरुजींच्या मागे बसून जातात.

मित्रांचा निकाल ठरलेला : "अबे, आर-15 घे ना!" 2008 मध्ये आलेल्या या बाईकची आता चौथी पिढी. 155 सीसी, लिक्विड कूलिंग, व्हीव्हीए. कॉन्व्हेंटमध्ये मराठी कविता कधी पाठ झाली नाही, पण हे ब्रोशर झालं!

मग डिसेंबरात एका पहाटे मूलमार्गे सावलीकडे, घरी निघालो. चिचपल्लीच्या पुढे जंगलात रोही आडवा आला. घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला. चाक लॉक झालं, गाडी आडवी घसरली. रोही निघून गेला, माझा गुडघा सोलला. बस, एवढ्यावर निभावलं.

रूमवर येऊन हिशोब केला. मित्रांनो, तुम्हीही करून बघा. ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो आणि नंतर वेग दर सेकंदाला 6 मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असं धरा. ताशी 60 ला गाडी थांबायला सुमारे 40 मीटर लागतात. ताशी 90 ला 77! वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. अंधारात, धुक्यात हेडलाइट पुढे किती दाखवतो? म्हणजे आर-15 चा टॉप स्पीड या रस्त्यावर मला काहीच कामाचा नाही.

मग नवीन पिढीत कामाचं काय? एबीएस. चाक लॉक व्हायला लागलं की सेन्सर ओळखतो, ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो आणि पुन्हा देतो. चाक फिरत राहतं, हँडल आपलं ऐकतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या बाईकना ते सक्तीचं आहे. पण इथेच फसगत होते. सिंगल चॅनलमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. माझं तर मागचं लॉक झालं होतं! म्हणून ड्युअल चॅनलच बघायचं. ते आर-15 मध्ये आहे, तसंच 2022 मध्ये आलेल्या पल्सर एन-160 मध्येही मिळतं. शिवाय आर-15 च्या मागच्या उंच, इवल्याशा सीटवर आई बसणार कशी? आणि हो, सैल मुरुमावर एबीएसवाली गाडीसुद्धा लांब जाऊन थांबते. वेग आपणच कमी ठेवायचा.

एवढं सगळं ठरवलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मी या रस्त्यावर महिन्यातून दोनदा असतो. नवी गाडी मला मिळाली, तर बाबा रोज सकाळी जंगलातून शाळेत जाणार, तेही एबीएस नसलेल्या जुन्या पल्सरवर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नवी पिढी जरूर घ्यावी, पण ताशी 130 ला ती काय करते हे विचारून नाही. ताशी 50 ला समोर रोही आला तर काय करते, हे विचारून. आणि आपल्या घरात त्या रस्त्यावर रोज कोण असतं, तेही बघावं.

बाबांना सांगितलंय, नवी तुमची. पल्सर चंद्रपुरात शहरापुरती माझी. गावाला येईन एसटीने. मित्र हसतात, हसू द्या!