कसोटी कोणाच्या प्रश्नाची?

लघवीची घाई एकाएकी अनावर होणे, दिवसा वारंवार आणि रात्रीही उठावे लागणे, कधी पोहोचण्यापूर्वीच वस्त्र ओले होणे, या विकाराला वैद्यक ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणते. असंख्य स्त्रिया तो लज्जेपोटी मुकाट्याने सोसतात. त्यावर नवी औषधे येत आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्यांची कसोटी कोणी ठरवायची, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही.

मिराबेग्रॉन या औषधाचे उदाहरण घ्या. कंपनीच्या खर्चाने युरोप व ऑस्ट्रेलियात झालेल्या त्याच्या एका प्रमुख चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात भाग घेणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. बारा आठवड्यांत, ५० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांच्या लघवीच्या खेपा दिवसाला सरासरी १.९३ ने घटल्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्याही १.३४ ने घटल्या. फरक खरा, पण तो अर्ध्या खेपेहून थोडाच अधिक. बाजारात उतरण्यास कंपनीला तो पुरला; रुग्ण स्त्रीला पुरला काय?

याउलट ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशातून ६३ रुग्णालयांत १,०९९ स्त्रियांवर एक चाचणी झाली. औषधांनी गुण न आल्यास, पुढील उपचारापूर्वी मूत्राशयात नळी घालून दाब मोजण्याची त्रासदायक तपासणी आवश्यक आहे काय, हा तिचा प्रश्न. आणि निकष होता स्त्रीचे स्वतःचे मत. २०२५ साली उत्तर मिळाले: तपासणी झालेल्या व न झालेल्या दोन्ही गटांत समाधानकारक सुधारणा सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. ज्याच्या उत्तरातून विक्री वाढत नाही, असा प्रश्न कोणती कंपनी विचारील?

आपल्याकडे २००९ पासून औषध-चाचण्यांची पूर्वनोंदणी बंधनकारक आहे. ती हवीच, पण नोंदणीने प्रश्न बदलत नाही. लघवी टप्प्याटप्प्याने लांबवण्याचा सराव हा या विकारावरील पहिला उपचार. त्याला दाम पडत नाही. मात्र जिच्या कामाच्या जागी स्वच्छतागृहच नाही, जी पाणी न पिता दिवस काढते, तिने तो कसा करावा? मुंबईतील स्त्रियांनी २०११ पासून मोफत मुतारीसाठी लढा दिला, तो याच प्रश्नाचा भाग आहे.

म्हणून चाचण्यांसाठी सरकारी निधी मागितला पाहिजे, आणि प्रश्न ठरवणाऱ्या समितीत भाजीवाली व शेतमजूर स्त्री यांना जागाही. दुखणे ज्यांचे, त्यांनाच पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.