30 सप्टेंबरचा पट

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मत द्यायला मी गावी गेलो होतो. मुळशीच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीकडे जाताना आमची वाडी लागते. आमचं मतदान केंद्र म्हणजे आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे पाण्याची टाकी. पहिली ते चौथी मी तिथेच शिकलो. अंगणात मुलांनी दिवाळीच्या सुट्टीआधी केलेला किल्ला अर्धा ढासळलेला होता आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पोलीस बसले होते. आत केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, यंत्र, शाई, पेट्या. ही सगळी मंडळी आदल्या दिवशीच गाडीने आली होती आणि रात्री शाळेतच झोपली होती.

मतदारयादीत आमची साडेतीनशेच्या आसपास नावं आहेत. शाळेच्या पटावर अकरा. या अकरा जणांसाठी एक मॅडम आहेत आणि त्या दिवशी त्या दुसऱ्या गावच्या केंद्रावर ड्युटीला होत्या.

बोटाला शाई लावून बाहेर आलो तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. आमच्या मतासाठी सरकार डोंगर चढून वाडीत येतं. मग आमच्या पोरांना शिकवायची वेळ आली की यांना वाडी दूर का वाटते?

मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असा निवडणूक आयोगाचा निकष आहे. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज इथे एकाच मतदारासाठी वर्षानुवर्षं केंद्र उभं राहिलं. 2019 च्या लोकसभेला अरुणाचलमधल्या मालोगामला एका बाईंचं मत घ्यायला कर्मचारी पायपीट करत गेले. या बातम्या आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो आणि ते योग्यच आहे. एका मतदारामागे किती खर्च झाला, असं तेव्हा कुणी विचारत नाही. अकरा मुलांच्या शाळेचा विषय निघाला की मात्र आपण सगळे कॅल्क्युलेटर काढून बसतो.

शहरात वाढलेल्यांना कदाचित माहीत नसेल, पण सरकारी शाळेच्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची तारीख 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्ट नसते. ती असते 30 सप्टेंबर. त्या दिवशी पटावर जेवढी मुलं, त्यावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. गेल्या काही वर्षांत याला आधार पडताळणीही जोडली गेली आहे. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पण आधारवरच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मोजणीत ते लटकतं. गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या मॅडम एका कातकरी मुलीच्या आधार दुरुस्तीसाठी तिच्या आईला घेऊन दोनदा पौडला जाऊन आल्या. त्या दोन दिवसांत वाडीतल्या एका बारावी झालेल्या मुलीने वर्ग सांभाळला.

याच दिवसांत शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय काय येत होतं, तेही सांगतो. या शाळेत माझं मूल नाही, पण मॅडमनी माजी विद्यार्थी म्हणून मला ग्रुपवर घेतलंय. नवरात्रात भोंडला झाला. पाटावर खडूने हत्ती काढला. शाळेत मुली पाचच, त्यांचं रिंगण होईना, म्हणून वाडीतल्या बायका कामं टाकून आल्या. सासवा, सुना, दोन आज्या. खिरापत ओळखायला अर्धा तास लागला. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, त्या कातकरी मुलीने एक अख्खी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. तिच्या घरात वाचता येणारी ती पहिलीच. परसबागेतला पहिला भोपळा खिचडीत पडला. भातकापणी सुरू झाली तशी हजेरी घटली, तेव्हा मॅडमनी आठवडाभर शाळा लवकर भरवली आणि मुलं दुपारी खाचरात गेली. मग सहामाही परीक्षा, मग किल्ला, मग सुट्टी.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारी फॉर्ममध्ये रकाना नाही. तिथे 'एकूण पट : 11' एवढंच जातं.

आता धोरणाकडे येतो. 2017 च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरवलं होतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये 'समूह शाळा' आल्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मध्यवर्ती ठिकाणी एक मोठी शाळा करायची, त्यासाठी प्रस्ताव पाठवा, असं पत्र निघालं. तेव्हा समोर आलेले आकडे असे : राज्यात वीसच्या आत पट असलेल्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 मुलं. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा. आरडाओरडा झाल्यावर कुठलीही शाळा बंद करणार नाही, असं सांगितलं गेलं.

बंद करावी लागतच नाही. शाळेला कुलूप घातलं की बातमी होते. दोनपैकी एका शिक्षकाला 'तात्पुरतं' दुसरीकडे पाठवलं की होत नाही. मग चार इयत्ता एका माणसाच्या अंगावर पडतात, तो माणूस प्रशिक्षणाला गेला की शाळा ओस पडते. पालक म्हणतात, इथे शिकवतंय कोण? दोन पोरं व्हॅनने पिरंगुटच्या इंग्रजी शाळेत जायला लागतात. पुढच्या 30 सप्टेंबरला पट आणखी खाली येतो. मग वरून उत्तर येतं की लोकांनाच ही शाळा नको आहे. शिक्षण हक्क कायदा तर म्हणतो की पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. 'वीस' हा आकडा त्या तक्त्यात नाहीच.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कुणी कोडमध्ये 'वीसपेक्षा कमी असेल तर' अशी अट लिहिली तर रिव्ह्यूत पहिला प्रश्न येतो : हा वीस कुठून आला? उत्तर नसेल तर कोड पुढे जात नाही. तोच प्रश्न मी इथे विचारतोय. वीसच का? सपाटीवरच्या गावात दोन शाळा शेजारी शेजारी असतील, तर वीसच काय, चाळीस मुलं असली तरी एकत्र करा. आणि मध्ये ओढा असेल, तर सहा मुलांचीही शाळा चालवावी लागेल. शाळा हवी की नको हे अंतरावर, वाटेवर आणि पावसावर ठरायला हवं. आपण ते डोकी मोजून ठरवतोय, कारण डोकी मोजणं सोपं आहे आणि ती पुण्या-मुंबईत बसून मोजता येतात.

आमच्या भागात माणसं अशी विखुरलेली का आहेत, यालाही इतिहास आहे. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. सत्याग्रह हरला, धरण झालं. पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं, तिथे वीज झाली, वीज मुंबईला गेली. खोऱ्यातली भाताची सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि जी माणसं मागे राहिली ती पाण्याच्या कडेकडेने, डोंगराच्या उतारावर वाड्या करून राहिली. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज हवी होती म्हणून आमची गावं विस्कटली. आता तुम्ही फार विखुरलेले आहात, तुमच्यासाठी शाळा परवडत नाही, असा हिशेब आमच्यासमोर मांडला जातो. या हिशेबातली पहिली ओळ कुणी खोडली, ते विचारायचा आम्हाला हक्क आहे.

समूह शाळेच्या बाजूने जे बोललं जातं, त्यातलं काही खरं आहे. शेजारच्या वेल्हे तालुक्यात पानशेतला अशी शाळा उभी राहिली आणि सरकारने तीच नमुना म्हणून पुढे केली. अकरा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. तिसरीत एकच मुलगा असेल तर त्याला जोडीदार नाही. एकच शिक्षक चार इयत्तांना पुरत नाही. चांगली इमारत, प्रयोगशाळा, मैदान, बस हे सगळं आमच्या पोरांनाही मिळायलाच हवं.

पण ती बस जून ते सप्टेंबर आमच्याकडे कशी येणार? ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दरड आली, फरशीवरून पाणी गेलं, की दोन दोन दिवस रस्ता बंद. सहा वर्षांच्या मुलाने रोज तासभर गाडीत, तासभर परत, असं किती दिवस करायचं? कंत्राटाचे पैसे थकले आणि बस बंद झाली, की आधी कुणाची शाळा सुटणार? मुलीची सुटेल. कातकरी मुलांची सुटेल, ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि ज्यांना आज आजीपाशी ठेवता येतं ते केवळ शाळा अंगणात आहे म्हणून. बंगल्यातल्या मुलाला दूरची शाळा म्हणजे थोडा त्रास. या मुलांना दूरची शाळा म्हणजे शाळाच नाही.

चार इयत्ता एकत्र शिकवणं म्हणजे काही अडाणीपणा नाही. कर्नाटकात 1990 च्या दशकात हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून 'नलि-कली' सुरू झाली. तिथे लहान वर्गांतली मुलं एकत्र बसून आपापल्या गतीने पुढे सरकतात. कोलंबियाने 1970 च्या दशकापासून डोंगराळ भागातल्या छोट्या शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा' नावाची अशीच पद्धत उभी केली. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या साध्या जिल्हा परिषद शाळांचे ज्ञानरचनावादी वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. म्हणजे पद्धती आहेत, माणसं आहेत. त्यासाठी शिक्षक शाळेत टिकवावा लागतो आणि त्याला फॉर्म भरण्यापासून सोडवावं लागतं.

राहिलं मैदान आणि जोडीदार. त्यासाठी पाच वाड्यांच्या शाळा आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेत एकत्र आणा. खेळू दे, प्रयोग करू दे, गाऊ दे. पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर आणा. पाच शाळा बंद करण्यापेक्षा ही बस नक्की स्वस्त पडेल.

सरकारला बोललो, आता स्वतःकडे येतो. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे. माझं ऑफिस आणि माझी शाळा एकाच पंचायत समितीच्या हद्दीत येतात. तालुक्याच्या पूर्वेला माण, मारुंजी, हिंजवडीकडे इतकी माणसं आली की शाळांना खोल्या पुरत नाहीत. पश्चिमेला खोल्या आहेत, मुलं नाहीत. ही पश्चिमेची मुलं गेली कुठे? आमच्याबरोबर पूर्वेला आली. माझ्या पिढीने मतदारयादीतलं नाव गावात ठेवलं आणि पटावरचं नाव काढून नेलं. माझ्या चुलतभावाचा मुलगा वाडीतच राहतो, तरी व्हॅनने इंग्रजी शाळेत जातो. ती व्हॅन लावायला पहिल्या वर्षी पैसे मीच दिले होते. तेव्हा आपण पुतण्याचं भलं करतोय असं वाटलं होतं. त्या वर्षी पट बारावरून अकरावर आला.

आणि आमचं समाजकार्य! एका कंपनीत असताना आम्ही चाळीसजण एका शनिवारी अशाच एका शाळेत गेलो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. भिंतीवर कार्टून रंगवली, दप्तरं वाटली, मुलांना ओळीत उभं करून फोटो काढले. त्या शाळेतल्या बाईंनी निघताना विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात कुणी येईल का? इंग्रजी वाचायला शिकवायचंय." आम्ही हो म्हणालो. कुणी गेलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेची भिंत रंगवली. सुट्टीच्या दिवशी बोलावून मुलांना आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, याची आज लाज वाटते.

म्हणून मागणं मोजकं आहे. शाळा हलवायची की ठेवायची, हे पटाच्या आकड्यावर ठरवू नका. जुलै महिन्यात ती वाट चालून बघा आणि मग ठरवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. त्यांच्या आणि ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय एकही शिक्षक 'तात्पुरता' हलवू नका. आधार अडलं म्हणून वर्गात बसलेलं मूल मोजणीतून गळू देऊ नका.

आणि हिंजवडीत माझ्यासारखे जे मुळशीकर, मावळचे, भोर-वेल्ह्याचे बसलेत, त्यांना एकच सांगणं आहे : आपल्या शाळेचा ग्रुप शोधा. महिन्यातला एक शनिवार द्या, टी-शर्ट न घालता. आधारची दुरुस्ती, ऑनलाइन माहिती, बंद पडलेला प्रोजेक्टर ही कामं आपल्याला अर्ध्या तासात येतात आणि त्यापायी मॅडमचे दिवसच्या दिवस जातात.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे. मॅडमनी ग्रुपवर टाकलंय, विषय एकच : पुढच्या जूनचा पट. पुतण्याच्या आईला मी फोन केला होता. ती म्हणाली, "दुसरे शिक्षक येतील असं लिहून देणार असतील, तर आम्ही परत आणू की. आम्हाला काय व्हॅनची हौस आहे?" तिला सभेला यायला सांगितलंय. मीही जाणार आहे, लॅपटॉप घेऊन. आधी ते आधार दुरुस्त करू, मग अर्ज लिहायला बसू.