नानकटाई खुसखुशीत, वेष्टन चिवट

दिवाळीची नानकटाई असो की नाताळचा प्लम केक, पहिली झटापट प्लास्टिकशीच. ‘इथून फाडा’ असे छापलेला कोपरा फाटत नाही. कात्री लावावी, तर ट्रे कलंडतो आणि निम्म्या नानकटाईचा भुगा होतो.

नानकटाईचा स्वभावच नाजूक. भरपूर तुपामुळे पिठात चिवटपणा येत नाही. म्हणून ती तोंडात विरघळते आणि म्हणूनच धक्का सोसत नाही. शिवाय हवेतला ओलावा लागला की मऊ पडते. तेव्हा वेष्टन हवेच, पण ते डोके लावून केलेले हवे.

१ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म आणि एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ट्रे यांवर देशभर बंदी आहे. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायलाही मनाई आहे. तरी सणाच्या गर्दीत हे नियम सहज विसरले जातात.

उपाय अवघड नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करावेत, खाली बटर पेपर घालावा. बिस्किटांच्या पुड्याला असते तशी ओढून उघडायची पट्टी द्यावी. झाकण पुन्हा नीट बसावे, आणि ‘कधीपर्यंत खावे’ ही तारीख फाटणाऱ्या कडेवर छापू नये.

पूर्वी अनेक घरांतून तूप-साखर-पीठ बेकरीत जाई आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यातून परत येई. आजही स्वतःचा डबा आणणाऱ्याला बेकरीने चार रुपये सूट द्यायला काय हरकत आहे? सुरुवात येत्या दिवाळीपासून करता येईल.